तंबोऱ्याच्या तारा आणि अब्दुल करीम खाँ

किराणा घराण्याचे अध्वर्यू उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे नाव निघाले की रसिकांना प्रथम आठवतो तो त्यांचा बारीक, उंच पट्टीतला आणि तरीही कोठेही न टोचणारा आवाज. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या गायनाच्या ज्या ध्वनिमुद्रिका उपलब्ध आहेत त्या मोजक्याच, आणि त्यांतील प्रत्येक जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. एवढ्या तुटपुंज्या साधनावर एखाद्या गायकाची कीर्ती इतकी वर्षे टिकावी, हे संगीताच्या इतिहासात फार थोड्यांच्या वाट्याला आले आहे.

या स्वराचे वर्णन करताना बहुतेक लेखक गळ्याच्या देणगीपाशी थांबतात. खाँसाहेबांच्या चरित्राची दुसरी बाजू त्यामानाने कमी सांगितली गेली. ती आहे तारेची. कोणत्या जाडीची तार कोणत्या ताणावर बसवावी, घोडीवर तिने कोठे व किती टेकावे आणि त्यातून कोणता नाद निघावा, हा प्रश्न त्यांच्या लेखी कारागिरावर सोपवून मोकळे होण्याचा नव्हता. त्यांच्या सुरेलपणाचा पाया तेथे घातला गेला होता.

कैरानाहून मिरजेपर्यंत

अब्दुल करीम खाँ यांचा जन्म ११ नोव्हेंबर १८७२ रोजी उत्तर प्रदेशातील कैराना या गावी झाला. हे गाव आज शामली जिल्ह्यात आहे. घराण्याला मिळालेले ‘किराणा’ हे नाव याच गावाचे. वडील काले खाँ आणि चुलते अब्दुल्ला खाँ यांच्याकडे त्यांचे शिक्षण झाले. दुसरे चुलते नन्हे खाँ यांचेही मार्गदर्शन त्यांना लाभले. कैरानाचे हे कुटुंब गाण्याइतकेच सारंगी व बीन यांच्या परंपरेत वाढलेले होते. लहानग्या अब्दुल करीमच्या हाती सारंगी, बीन, सतार आणि तबला अशी वाद्ये आली ती यामुळेच. आरंभी ते सारंगीवादक होते आणि सारंगियांना समाजात मिळणाऱ्या दुय्यम वागणुकीमुळे ते गायनाकडे वळले, अशीही एक कथा सांगितली जाते.

ती कथा खरी असो वा नसो, सारंगीचा संस्कार त्यांच्या गाण्यावर स्पष्ट आहे. सारंगीला पडदे नसतात. नखाच्या कडेने तारेला स्पर्श करून स्वर शोधावा लागतो आणि केसभर बोट सरकले की स्वर बदलतो. गज तारेवरून फिरतो तेव्हा एक स्वर दुसऱ्यात विरघळतो. खाँसाहेबांच्या आलापीतला स्वर असाच एकातून दुसऱ्यात जातो. गळ्याने गाणारा हा मनुष्य तारेच्या भाषेत विचार करीत होता, असे म्हणावयास हरकत नाही.

तरुणपणी बंधू अब्दुल हक यांच्यासह ते बडोद्यास आले. महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या दरबारात या जोडीला आश्रय मिळाला. तेथेच सरदार मारुतीराव माने यांची कन्या ताराबाई त्यांच्याकडे गाणे शिकू लागली. दोघांनी विवाहाचा निर्णय घेतला आणि बडोदे सोडावे लागले. एका मराठा सरदाराची मुलगी आणि एक मुसलमान गवई यांचा हा विवाह त्या काळात किती वादळी ठरला असेल, याची कल्पना करता येते. हे दांपत्य प्रथम मुंबईस आणि नंतर मिरजेस आले.

मिरजेशी त्यांचे नाते कसे जडले, याविषयी त्या भागात आजही एक आठवण सांगतात. प्लेगच्या साथीचे ते दिवस होते. आजारी पडलेल्या खाँसाहेबांनी ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्यात गायनसेवा केली आणि त्यांना बरे वाटले. त्यानंतर मिरज हेच त्यांचे घर झाले. श्रद्धेची ही गोष्ट आपल्या जागी आहेच. परंतु मिरजेत त्यांना आणखी एक गोष्ट लाभली, जी उत्तरेकडील फार थोड्या गावांत मिळाली असती. ती म्हणजे तंतुवाद्ये घडविणाऱ्या कारागिरांची वस्ती.

शिकलगारांची सतार

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मिरजेतील शिकलगार कुटुंबांचा व्यवसाय तलवारी, भाले यांना धार लावण्याचा होता. संस्थानांची लढाईची गरज संपली तसा हा धंदा बसला. त्यांतील फरीदसाहेब यांनी मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांच्या उत्तेजनाने सतार आणि तंबोरा बनविण्याचे कसब आत्मसात केले. पोलादाची पारख असलेले हात लाकूड आणि तारेकडे वळले. पुढच्या पिढ्यांनी ‘सतारमेकर’ हेच आडनाव लावले आणि त्यांच्या गल्लीलाही तेच नाव पडले. भोपळे पंढरपूर-मंगळवेढे भागातून, भीमेकाठच्या शेतांतून येत. दांडी व तबली तून वृक्षाच्या लाकडाची. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचे मूळ या घडामोडीत आहे.

तंबोरा दिसावयास सोपा वाटतो. चार तारा, एक भोपळा, एक लांब पोकळ दांडी. वाजविणाऱ्याने बोटाने एकामागून एक तार छेडावयाची, एवढेच. परंतु चार तारांपैकी एकही तार दुसरीच्या जागी चालत नाही. मधल्या दोन तारा, ज्यांना जोडीच्या तारा म्हणतात, त्या पोलादाच्या असतात आणि मध्य षड्जात लागतात. शेवटची खर्जाची तार पितळेची व जाड असते. पहिली तार पंचम, मध्यम किंवा निषादात, रागाप्रमाणे.

खर्जाची तार जाडच का हवी, याचे उत्तर भौतिकशास्त्रात आहे. तारेची कंपनसंख्या तिची लांबी, तिच्यावरील ताण आणि तिचे वजन या तीन गोष्टींवर ठरते. लांबी तीच ठेवून स्वर एक सप्तक खाली आणावयाचा तर दोनच मार्ग उरतात. एक, ताण एकचतुर्थांश करावयाचा. तसे केल्यास तार लुळी पडते, घोडीवर फडफडते आणि स्वर स्थिर राहात नाही. दुसरा मार्ग तारेचे वजन चौपट करण्याचा, म्हणजे त्याच धातूची तार असल्यास जाडी दुप्पट करण्याचा. पुरुष गायकाच्या तंबोऱ्यात जोडीची तार सुमारे ०.३५ मिलिमीटरची आणि खर्जाची ०.७० मिलिमीटरच्या आसपास असते, ती याच कारणाने. एक मीटर लांबीच्या तारा काळी एक पट्टीत लावल्यास हिशेबाने या दोन्ही प्रकारच्या तारांवर साधारण सहा किलोंचा ताण येतो. जाडी वेगळी, धातू वेगळा, स्वर एका सप्तकाने वेगळा. पण बोटाला दोन्ही सारख्याच घट्ट लागतात. हे जुळणी कारागिरांनी कोणतेही समीकरण न मांडता पिढ्यान् पिढ्या साधलेली आहे.

आता खाँसाहेबांची पट्टी लक्षात घ्यावी. ते उंच पट्टीत गात. पुरुषी तंबोऱ्याच्या तारा त्याच ठेवून पट्टी काळी एकवरून पांढरी चारवर नेली तर प्रत्येक तारेवरील ताण दीडपटीहून अधिक होतो. चारही तारांचा मिळून जो भार पंचवीस किलोंच्या आसपास होता तो चाळीस किलोंकडे जातो. लाकडाची पोकळ दांडी हा भार काही दिवस सोसते, मग हळूहळू वाकू लागते. तार तुटण्याचा धोका निराळाच. उपाय दोन : तारा बारीक घ्यावयाच्या किंवा वाद्याचा आकारच लहान करावयाचा. उंच आवाजाच्या गायकासाठी तंबोरा लावणे हे त्यामुळे केवळ खुंट्या पिळण्याचे काम राहात नाही, ते वाद्य नव्याने जुळविण्याचे काम होते.

इलेक्ट्रिक गिटार वाजविणाऱ्या आजच्या तरुणालाही हा अनुभव परिचित आहे. पहिली तार ०.००९ इंचाऐवजी ०.०१० इंचाची घातली तर कानाला फरक ऐकू येण्याआधी बोटांना जाणवतो, कारण त्याच स्वरासाठी ताण सुमारे २३ टक्के वाढतो. सगळा संच बदलला की दांडीला बाक येतो, तारा पडद्यांपासून वर उचलल्या जातात आणि घोडीची उंची व दांडीतील लोखंडी सळईचा आवळ पुन्हा ठरवावा लागतो. जाड तारेचा नाद भरीव येतो, बारीक तार मींडेसाठी सहज खेचता येते. गिटारच्या दांडीत ती सळई असते, म्हणून चूक दुरुस्त होते. तंबोऱ्याला अशी सोय नाही. तेथे तारेची निवड चुकली तर किंमत लाकूड मोजते.

जवारी आणि निषाद

तंबोरा स्वरात लागला म्हणजे तो बोलू लागला असे नाही. घोडीचा माथा सपाट नसतो. त्याला अगदी सूक्ष्म उतार दिलेला असतो आणि तार त्या उतारावर टेकत, सुटत कंप पावते. या स्पर्शातून जो झणत्कार उमटतो त्याला जवारी म्हणतात. घोडी आणि तार यांच्यामध्ये सरकविलेला सुताचा दोरा कणभर पुढेमागे केला की जवारी उघडते किंवा मिटते. हा उतार कानशीने घासून तयार करावा लागतो. एका जाडीच्या तारेसाठी काढलेली जवारी दुसऱ्या जाडीच्या तारेला चालत नाही, कारण जाड तार कमी लवते आणि तिचा घोडीवरचा टेकाव बदलतो. पट्टी फार वर-खाली केली तरी तेच होते.

खाँसाहेब तंबोऱ्याची जवारी स्वतः काढीत आणि वाद्यांची दुरुस्तीही जाणत, असे त्यांच्या शिष्यपरंपरेत सांगितले जाते. त्या काळातील नामवंत गवयांमध्ये हे दुर्मीळ होते. गवई गाणार, साज लावणे शिष्याचे किंवा साथीदाराचे काम, अशीच रीत होती. मैफलीपूर्वी तंबोरे मनाजोगे लागेपर्यंत गाण्यास आरंभ न करण्याचा जो दंडक किराणा घराण्यात पुढे चालत आला, त्याचा उगम येथे शोधावा लागतो. श्रोत्यांना ती वेळ कंटाळवाणी वाटत असेल. गाणाऱ्यासाठी मैफल तेव्हाच सुरू झालेली असते.

तंबोऱ्याची पहिली तार निषादात लावण्याची पद्धतही किराणा घराण्याशी जोडली गेली आहे. एक तंबोरा पंचमाचा आणि दुसरा निषादाचा घेऊन बसलेले किराणा घराण्याचे गायक नंतरच्या काळात सर्वांनी पाहिले. ऐकावयास ही लहानशी गोष्ट वाटते. परंतु मंद्र पंचमावरून शुद्ध निषादापर्यंत तीच तार चढवावयाची म्हणजे तिची कंपनसंख्या सव्वापट करावयाची आणि ताण सुमारे ५६ टक्क्यांनी वाढवावयाचा. पंचमासाठी निवडलेली जाड तार एवढे सोसेलच असे नाही, सोसली तरी तिची जवारी आवळते. म्हणून निषादाच्या तंबोऱ्याला पहिली तार बारीक हवी, किंवा तंबोराच वेगळा हवा. दोन तंबोरे घेऊन बसण्याच्या रिवाजामागे शोभेपेक्षा हे व्यवहारी कारण मोठे आहे.

यातून मिळणारे फळ मात्र विलक्षण असते. खर्जाची तार छेडली की तिच्यातून केवळ षड्ज येत नाही. तिच्या पाचव्या उपस्वरात गांधार दडलेला असतो आणि जवारी चांगली असल्यास तो स्पष्ट ऐकू येतो. यालाच गवई स्वयंभू गांधार म्हणतात. त्याच्या जोडीला निषाद मिळाला की गायकाला षड्जाच्या दोन्ही बाजूंनी जणू आधाराच्या भिंती मिळतात. गळा जरा जरी घसरला तरी तारा ते उघडे पाडतात. खाँसाहेबांना हवी होती ती ही कडक सोबत.

तंबोऱ्याच्या या नादाचे शास्त्रीय स्पष्टीकरण खाँसाहेबांच्या हयातीतच पुढे आले. १९२१ साली चंद्रशेखर वेंकट रामन यांनी भारतीय तंतुवाद्यांवरील आपल्या निबंधात दाखवून दिले की तंबोरा आणि वीणा यांच्या घोडीच्या विशिष्ट आकारामुळे तारेचे असे उपस्वरही ऐकू येतात जे सामान्य नियमानुसार त्या ठिकाणी तार छेडल्यावर उमटूच नयेत. कारागिराच्या कानशीने जे शतकानुशतके साधले होते ते प्रयोगशाळेत मोजले गेले.

श्रुतींचा वाद

तारेवर स्वर मोजण्याच्या एका मोठ्या वादात खाँसाहेब स्वतःही ओढले गेले. कृष्णाजी बल्लाळ देवल हे सरकारी नोकरीत डेप्युटी कलेक्टर राहिलेले गृहस्थ भारतीय संगीतातील बावीस श्रुतींचा गणिती माग काढीत होते. १९१० साली त्यांचे या विषयावरील इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. सनदी सेवेतील न्यायाधीश ई. क्लेमेंट्स यांनी हेच काम पुढे नेले आणि १९१३ मध्ये आपला ग्रंथ प्रकाशित केला. देवलांना गरज होती ती अशा गायकाची, ज्याचा स्वर पुन्हा पुन्हा त्याच जागी लागेल. तो गायक त्यांना अब्दुल करीम खाँ यांच्या रूपाने मिळाला. गायकाने स्वर धरावयाचा, संशोधकाने ताणलेल्या तारेची लांबी कमी-अधिक करीत तो तारेवर पकडावयाचा आणि लांबीच्या गुणोत्तरातून श्रुतीचे स्थान काढावयाचे, अशी ही रीत होती.

त्यातून बावीस श्रुतींची हार्मोनियम तयार झाली. मार्च १९१६ मध्ये सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने बडोद्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तेव्हा पंडित विष्णु नारायण भातखंडे आणि देवल-क्लेमेंट्स यांच्यातील मतभेद उघड झाले. रागातील स्वरांची जागा असे अचूक आकडे देऊन बांधता येते, हे भातखंडे यांना मान्य नव्हते. श्रुतींची ती हार्मोनियम पुढे गवयांच्या बैठकीत रुजली नाही.

या वादात कोणाची बाजू बरोबर, हा प्रश्न अजूनही अभ्यासकांना स्वस्थ बसू देत नाही. तारेच्या बाजूने पाहिले तर दोघांच्याही म्हणण्यात तथ्य दिसते. ताण आणि लांबी स्थिर ठेवली तर तार खोटे बोलत नाही, देवलांचा विश्वास होता तो यावर. पण गायक एका स्वरावर स्थिर उभा नसतो, तो दुसऱ्या स्वराकडे निघालेला असतो. पट्टी दाबली की ठरलेला एकच स्वर देणारी पेटी ही वाटचाल पकडू शकत नव्हती. आपला गळा मोजमापासाठी देणाऱ्या खाँसाहेबांच्याच गाण्यात ही वाटचाल सर्वांत सुंदर होती, हा या प्रकरणातला विरोधाभास. उस्तादांनी आपली विद्या झाकून ठेवण्याच्या त्या जमान्यात एका गवयाने आपला स्वर तपासणीसाठी पुढे केला, हे धाडस मात्र वाद बाजूला ठेवूनही नोंदविण्याजोगे आहे.

विद्यालय आणि घर

१९१३ साली खाँसाहेबांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय स्थापन केले. पुढे मुंबईतही त्याची शाखा निघाली. गरीब विद्यार्थ्यांना घरी ठेवून घेऊन, जेवूखाऊ घालून शिकविण्याची ही व्यवस्था होती. खर्च भागविण्यासाठी विद्यार्थ्यांचे जलसे होत. आपल्या ‘टिपू’ नावाच्या कुत्र्यालाही त्यांनी स्वरात ओरडावयास शिकविले होते आणि त्याचाही कार्यक्रम झाला, ही हकिकत त्यांच्या चरित्रकारांनी आवर्जून सांगितली आहे. गंभीर, अबोल अशी त्यांची जी प्रतिमा आहे तिला ही गोष्ट शोभत नाही, म्हणूनच ती लक्षात राहते.

शिष्यांमध्ये रामचंद्र कुंदगोळकर, म्हणजेच सवाई गंधर्व, यांचे नाव अग्रभागी आहे. गणपतराव बेहरेबुवा, दशरथबुवा मुळे, बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी, रोशनआरा बेगम अशी ही मालिका मोठी आहे. कपिलेश्वरी यांनी पुढे गुरूंचे विस्तृत मराठी चरित्र लिहिले. सवाई गंधर्वांमुळे ही विद्या गंगूबाई हनगल व भीमसेन जोशी यांच्यापर्यंत पोहोचली. भीमसेन यांना गाण्याचे वेड लागले ते लहानपणी ऐकलेल्या खाँसाहेबांच्या झिंझोटीतील ठुमरीच्या ध्वनिमुद्रिकेने, हे सर्वश्रुत आहे.

म्हैसूर दरबारात खाँसाहेबांचे वारंवार जाणे होई आणि तेथे त्यांना ‘संगीतरत्न’ ही पदवी मिळाली. दक्षिणेतल्या या संचारात त्यांनी कर्नाटक संगीत कान देऊन ऐकले. सरगम गाण्याची त्यांची पद्धत आणि त्यागराजांची कृती ध्वनिमुद्रित करण्याचा त्यांचा प्रयत्न त्यातूनच आला. वाद्यांचा हा जाणकार तेथे वेगळे तंबोरेही ऐकत असणार. तंजावरी तंबोरा फणसाच्या लाकडाचा, त्याचे पोटही लाकूड कोरून केलेले, मिरजेचा भोपळ्याचा. तारा त्याच धातूंच्या असल्या तरी दोघांचे बोलणे निराळे.

घरात मात्र स्वर जुळून राहिला नाही. सुरेशबाबू, हिराबाई, कृष्णराव, कमलाबाई आणि सरस्वती अशी पाच मुले झाल्यावर १९२२ साली ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. मुलांनी वडिलांचे नाव लावले नाही. सुरेशबाबू व कृष्णराव यांनी माने हे आडनाव घेतले, तर हिराबाई व कमलाबाई बडोदेकर या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या. ज्या बडोद्याने आईवडिलांना बाहेर काढले त्याच गावाचे नाव मुलींनी धारण करावे, हे पुष्कळ काही सांगून जाते. हिराबाईंनी पुढे तिकीट लावून स्त्रीच्या गायनाची जाहीर मैफल करण्याचा पायंडा पाडला आणि १९७० साली त्यांना पद्मभूषण मिळाले. सरस्वती राणे यांनी शास्त्रीय मंचाबरोबर चित्रपटगीतांतही नाव कमावले. पित्याचे नाव कागदावर नव्हते. स्वर लावण्याची रीत मात्र या भावंडांत कोणालाही ओळखू यावी अशी होती.

या ताटातुटीनंतर त्यांचे गाणे अधिक करुण, अधिक अंतर्मुख झाले असे जाणकार मानतात. नंतरच्या आयुष्यात त्यांच्या शिष्या बानुबाई लाटकर, म्हणजेच सरस्वतीबाई मिरजकर, यांची त्यांना सोबत लाभली. ज्या ध्वनिमुद्रिकांमुळे आजचा श्रोता त्यांना ओळखतो त्या बहुतेक याच काळातील, १९३४ ते १९३६ या वर्षांत ओडियन कंपनीने काढलेल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी दिलेल्या ध्वनिमुद्रिकांत गायकाला कर्ण्यासमोर गावे लागे, तंबोऱ्यासारखा नाजूक नाद त्यात जवळपास हरवे. विजेवर चालणारा ध्वनिग्राहक आल्यावर ओडियनच्या मुद्रिकांत गळ्याचा बारकावा उतरला.

१९३७ च्या ऑक्टोबरमध्ये खाँसाहेब मद्रासला गेले होते. तेथून पाँडिचेरीस श्री अरविंदांच्या आश्रमात गाण्यासाठी ते रेल्वेने निघाले. रात्री वाटेत त्यांच्या छातीत दुखू लागले. चेंगलपट्टूच्या अलीकडील सिंगपेरुमाळ कोईल या लहानशा स्थानकावर शिष्यांनी त्यांना उतरविले. फलाटावरच बिछाना घातला गेला. चरित्रकारांनी लिहिले आहे की त्यांनी तंबोरा लावावयास सांगितला, तो स्वरात मिळाल्यावर नमाज अदा केला आणि दरबारीच्या स्वरांत कलमा गात असतानाच त्यांचा प्राण गेला. पासष्टावा वाढदिवस दोन आठवड्यांवर आला होता.

त्यांचा देह मिरजेस आणण्यात आला आणि मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आला. उरुसाच्या वेळी तेथे त्यांच्या स्मरणार्थ संगीत सभा भरते. गायक आपली सेवा रुजू करतात आणि जवळच्याच गल्लीतील कारागिरांनी घडविलेले तंबोरे त्यांच्या मागे लागलेले असतात.